‘आवोन’ म्हणजे नेमकं काय? एक हिब्रू शब्द, आपली ‘व्यंकटी’ आणि ‘त्यांचं घराणंच तसलं’

(ऑडिओ भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून जरा नीट केली आहेत.)

माळशिरसहून बोलतोय. कुणी एसटीत असेल, कुणी रानात पाणी धरत असेल, कुणी अभ्यासाच्या नावाखाली गच्चीवर हेडफोन लावून बसलं असेल.

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुचला. आपल्याच तालुक्यातल्या एका मैत्रिणीनं पाठवली होती. ती म्हणते, “दादा, बायबलमध्ये असं आहे म्हणे, की बापाच्या दुष्टपणाचा हिशेब देव तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेतो. आमच्या गल्लीतपण एका घराबद्दल बोलतात, की त्यांचं घराणंच तसलं. मग माणूस जन्मायच्या आधीच दुष्ट ठरतो का?”

प्रश्न साधा नाही. हा प्रश्न पोरगी धर्माच्या तासाला विचारत नाहीये, तिला गल्लीतल्या माणसांबद्दल विचारायचंय. म्हणून आज आपण त्या वाक्यातला एकच शब्द घेऊ. कुणाच्या धर्माचा प्रचार नाही, कुणाची टिंगल नाही. शब्द उघडून बघायचा, बस्स. कारण ती ज्याला ‘दुष्टपणा’ म्हणते, तिथं मूळ हिब्रूत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘दुष्टपणा’पेक्षा बराच वेगळा निघतो.

शब्द आहे ‘आवोन’

बायबलचा पहिला मोठा भाग, ज्याला ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात आणि ज्यू लोक तनाख म्हणतात, तो बहुतेक सगळा हिब्रू भाषेत आहे. त्यात ‘आवोन’ हा शब्द सुमारे २३० वेळा येतो. उच्चार करताना जोर शेवटी द्यायचा, आ-वोन. सुरुवातीचा ‘आ’ मुळात घशातून यायचा, अरबीतल्या ‘ऐन’ अक्षरासारखा.

एक सूचना. ‘आवेन’ नावाचा दुसरा शब्दही हिब्रूत आहे. त्याचाही अर्थ वाईटाकडंच जातो: उपद्रव, पोकळपणा, खोटेपणा. पण त्याचं पहिलं अक्षर वेगळं आणि मूळही वेगळं. इंटरनेटवर दोन्ही शब्द इंग्रजी अक्षरांत बघितले की एकसारखेच दिसतात आणि लोक दोघांची खिचडी करतात. आपण करायची नाही.

तीन शब्द, तीन चित्रं

मराठीत आपण सगळ्याला ‘पाप’ म्हणून मोकळे होतो. हिब्रूत मात्र तीन शब्द वारंवार सोबत येतात, आणि तिन्हींच्या पोटात एकेक चित्र आहे.

पहिला ‘खेत’. म्हणजे नेम चुकणं. शास्ते नावाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात सातशे डावखुऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख आहे. केसावर धोंडा मारायचा म्हटला तरी त्यांचा नेम चुकायचा नाही. तिथं ‘चुकणं’ यासाठी जे क्रियापद आहे, त्याच धातूपासून ‘खेत’ आलाय. ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवलेल्या आजोबांना हे चित्र समजावून सांगायची गरज नाही.

दुसरा ‘पेशा’. आपला धंदा-पेशा नव्हे बरं का. याचा अर्थ बंड, करार मोडणं. मवाब नावाच्या राज्यानं इस्राएलविरुद्ध बंड केलं, तिथं याच धातूचं क्रियापद आलंय. म्हणजे इथं चूक नाही, इथं ठरवून नातं तोडणं आहे.

आणि तिसरा आपला ‘आवोन’. याच्या मागं जो धातू सांगतात, त्याचा अर्थ वाकवणं, पिळणं, वेडंवाकडं करणं. काही अभ्यासक म्हणतात, की इथं जुने दोन धातू एकमेकांत मिसळलेत. एक ‘वाकणं’ आणि दुसरा ‘भरकटणं’. अरबीत हे दोन्ही वेगवेगळे राहिलेत. पण हिब्रू वाचणाऱ्याच्या कानाला मात्र वाकडेपणाच ऐकू येतो. का, ते बघू.

वाकडं म्हणजे खरोखरच वाकडं

या धातूची क्रियापदं बायबलमध्ये अगदी साध्या, शारीरिक अर्थानंही येतात. स्तोत्र ३८ मधला आजारी माणूस सांगतो, की मी वाकून गेलोय, पार खाली झुकलोय. तिथं हाच धातू. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात दुःखानं कोंडलेला माणूस तक्रार करतो, की माझ्या वाटा वाकड्या करून टाकल्या. तिथंही हाच. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात वाकड्या मनाच्या माणसाबद्दल बोलताना पुन्हा हाच.

म्हणजे पाठ वाकते, वाट वाकते, मन वाकतं. आणि या सगळ्यांच्या घरातलाच शब्द ‘आवोन’.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. वाकडं कशाला म्हणता येतं? जे आधी सरळ असायला हवं होतं, त्यालाच. सायकलची रिम आउट झाली, असं आपण म्हणतो तेव्हा तिचा मूळ घाट गोल आहे हे गृहीत धरलेलं असतं. दुकानदार आऱ्या आवळून ती जाग्यावर आणतो. रिम फेकून देत नाही. ‘दुष्टपणा’ या मराठी शब्दात हे चित्र नाही. ‘दुष्ट’ म्हणजे बिघडलेला, नासलेला. आणि नासलेलं दूध कुणी पुन्हा चांगलं करत नाही.

एका शब्दात तीन वजनं

‘आवोन’ची दुसरी गंमत. गंमत म्हणजे अवघडपण. हा एकच शब्द तीन गोष्टींसाठी वापरतात: केलेलं वाकडं काम, त्यातून अंगावर आलेला दोष, आणि त्या दोषाचा भोग.

काइनाची गोष्ट घ्या. उत्पत्तीच्या पुस्तकात तो सख्ख्या भावाला, हाबेलला, मारतो. पुढं तो देवाला म्हणतो, की माझं ‘आवोन’ उचलता येणार नाही इतकं मोठं आहे. आता याचं भाषांतर कसं करायचं? काही जण लिहितात ‘माझी शिक्षा’ सोसवत नाही. काही जण म्हणतात ‘माझा अपराध’ क्षमेपलीकडचा आहे. भांडण करायचं कारण नाही, कारण हिब्रूत दोन्ही एकाच शब्दात आहेत. कर्म, दोष आणि भोग असे तीन वेगळे डबे नाहीत. एकच गाठोडं आहे, आणि ते पाठीवर आहे.

म्हणूनच ‘आवोन’ हा शब्द ‘उचलणं’, ‘वाहून नेणं’ या क्रियापदाबरोबर पुन्हा पुन्हा येतो. माणूस आपलं आवोन वाहतो. आणि क्षमेसाठीही तेच क्रियापद आहे. निर्गमच्या ३४व्या अध्यायात देवाचं वर्णन आहे, की तो आवोन, पेशा आणि पाप ‘उचलतो’. क्षमा म्हणजे ‘जाऊ दे, विसरलो’ नव्हे. क्षमा म्हणजे ओझं उचलून घेणं. लेवीयच्या सोळाव्या अध्यायात तर लोकांची सगळी आवोनं एका बोकडाच्या डोक्यावर ठेवून त्याला निर्जन रानात सोडतात. तोही ती ‘वाहून’ नेतो.

हा शब्द मराठीत आला तेव्हा

आता आपल्या महाराष्ट्रात या. मराठीत या शब्दाशी झगडणारी माणसं दोनशे वर्षांपूर्वीपासून आहेत.

कोकणात अलिबाग, पेण, रेवदंडा या पट्ट्यात बेने इस्राएल नावाचा ज्यू समाज शतकानुशतकं राहिला. मराठी बोलणारा, आडनावं पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. त्यांच्या वर्षातला सगळ्यांत गंभीर दिवस योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. याला त्यांनी मराठीत काय नाव दिलं माहितीय? ‘दारफाळणीचा सण’. दारं लावून घेण्याचा सण. पांढरे कपडे, कडक उपास आणि बाहेरच्या जगाला दार बंद.

ज्यू प्रार्थनेत या दिवशी चुकांची कबुली वर्णमालेच्या क्रमानं देतात, एकेका अक्षराला एकेक शब्द. त्यातल्या पाचव्या अक्षराला जो शब्द आहे, तो आपल्या आवोनच्याच धातूचा: आम्ही वाकडं केलं. ‘मी’ नाही, ‘आम्ही’. आणि मुख्य म्हणजे ‘त्यांनी’ तर नाहीच.

भाषांतराचं कामही मोठं झालं. १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन या मिशनऱ्यानं हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आलं. पुढं पंडिता रमाबाईंनी हे काम वेगळ्या जिद्दीनं हाती घेतलं. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, आपल्यापासून फार लांब नाही, त्यांचं मुक्ती मिशन. रमाबाई संस्कृतच्या पंडिता, पण बायबल मात्र साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत असावं हा त्यांचा आग्रह. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. ते १९२४ साली छापून निघालं.

मराठी बायबल उघडलं, तर ‘आवोन’च्या जागी कुठं ‘अन्याय’, कुठं ‘दुष्कर्म’, कुठं सरळ ‘पाप’ सापडतं. एकही शब्द चूक नाही. पण हिब्रू वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी जो बाक दिसतो, तो मराठीत पुसला जातो. ‘अन्याय’ म्हटलं की कोर्ट दिसतं, ‘पाप’ म्हटलं की नरक दिसतो. वाकलेलं काही दिसत नाही.

पण आपल्याकडं शब्द होता की!

दर आषाढीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटण, बरड करत आपल्या तालुक्यात येते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पंढरपूरकडं जाते. सदाशिवनगरचं आणि खुडूसचं रिंगण आपण लहानपणापासून बघतोय. ज्या ग्रंथामुळं माउली घराघरात पोचले, ती ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. तिच्या शेवटी पसायदान आहे. शाळेत पाठ केलेलं.

त्यात ‘खळ’ म्हणजे दुर्जन लोकांबद्दल काय मागितलंय, आठवा. दुर्जन मरू देत, असं नाही. दुर्जनांना शिक्षा होऊ दे, असंही नाही. त्यांची ‘व्यंकटी’ गळून पडू दे. आणि पुढं, त्यांना चांगल्या कामाची गोडी लागू दे.

आता ‘व्यंकटी’ म्हणजे काय? वाकडेपणा!

बघा, काटा येतो अंगावर. हिब्रू आणि मराठी या वेगळ्या कुळातल्या भाषा, ‘आवोन’ आणि ‘व्यंकटी’ हे शब्द एकमेकांचे नातेवाईकही नाहीत. कुणी कुणाकडून उचललं असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण दोन्हीकडं माणसाच्या वाईटपणाकडं बघताना दिसलं तेच: हा वाकलाय. आणि हे फक्त दोघांनाच दिसलं असंही नाही. इंग्रजीतला ‘राँग’ हा शब्द ‘पिळलेला, वाकडा’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दावरून आला. कायद्यात ‘टॉर्ट’ म्हणतात, तोही लॅटिनमधल्या ‘पिळलेलं’ याच शब्दावरून. आपण रोज बोलतो ते बघा ना. वाकड्यात शिरू नको. नजर वाकडी आहे. आणि चांगल्या माणसाला काय म्हणतो? सरळ माणूस.

शेपूट आणि सुंभ

हां, आता कुणीतरी म्हणेल, अहो पण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

बरोबर. या म्हणीही आपल्याच आहेत. आणि त्यांतही वाकडेपणा आहे, पीळ आहे. फरक एवढाच, की इथं बाक हाच त्या वस्तूचा स्वभाव झालाय. माणूस आणि त्याचा वाकडेपणा एकच करून टाकलाय.

हिब्रूत माणसावर मारायचा शिक्काही आहे. ‘राशा’, म्हणजे दुष्ट, दोषी. तो मुळात न्यायाधीशाच्या दारातला शब्द. अनुवादच्या २५व्या अध्यायात न्यायाधीशांनी निर्दोषाला निर्दोष आणि ‘राशा’ला दोषी ठरवावं, असं सांगितलंय. पण हा शिक्का कायमचा आहे का? तेच आपण आता बघणार आहोत, कारण व्हॉइस नोटमधला खरा प्रश्न तिथंच आहे.

तिसरी-चौथी पिढी

तर ते वाक्य. निर्गमच्या त्याच ३४व्या अध्यायात, आवोन उचलणाऱ्या देवाबद्दल सांगून झाल्यावर लगेच म्हटलंय, की बापांच्या आवोनाचा हिशेब मुलं, नातवंडं, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेतला जातो. वाक्य आहे. लपवण्यासारखं काही नाही.

पण ‘आवोन’ म्हणजे गाठोडं, हे लक्षात ठेवून वाचा. नांगरताना पहिलं तास वाकडं गेलं की शेजारची तासं आपोआप वाकडी जातात. पोरानं काही केलेलं नसतं, पण त्याला वाकडंच रान मिळतं. बापानं दारूत जमीन घालवली, सावकाराचं कर्ज करून ठेवलं, घरात मारहाण केली, तर त्याचा भोग नातवापर्यंत येतो. हे कुणाला नवीन आहे? बरेच अभ्यासक असंही सुचवतात, की तीन-चार पिढ्या म्हणजे एका छपराखाली एकाच वेळी राहणारं अख्खं खटलं.

मात्र भोग पोचतो म्हणून दोष पोचतो का? इथं बायबल स्वतःच पुढं बोलतं. अनुवादच्या २४व्या अध्यायात कायदा आहे, की बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला मृत्युदंड द्यायचा नाही. आणि यहेज्केल नावाचा संदेष्टा, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला, बाबेलच्या बंदिवासात राहणारा. त्याच्या लोकांत एक म्हण रूढ होती, की आंबट द्राक्षं खायची बापानं आणि दात आंबायचे पोरांचे. तो म्हणाला, ही म्हण आता बंद करा. पुस्तकाचा १८वा अध्याय वाचा. तो स्पष्ट सांगतो, की मुलगा बापाचं ‘आवोन’ वाहणार नाही. आपला शब्द आणि तेच ‘वाहणं’. आणि पुढं, ‘राशा’सुद्धा मागं वळला तर जगेल. म्हणजे शिक्काही पुसला जातो.

आपल्या जिल्ह्यात काय झालं

आता म्हणाल, हे सगळं अडीच हजार वर्षांपूर्वीचं. नाही हो. आपल्या जिल्ह्यात या.

१८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमाती जन्मानंच गुन्हेगार, असं कागदावर लिहून टाकलं. पुढं तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात या लोकांसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींच्या माणसांना हजेरी द्यायला लागायची. बाहेर जायला पास लागायचा. तिथल्या कित्येकांनी सोलापूरच्या गिरण्यांत घाम गाळला आणि संध्याकाळी पुन्हा तारेच्या आत आले. त्यांच्या पोरांनी काय केलं होतं? काही नाही. जन्माला आली होती.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. पाच वर्षं सोळा दिवस उशिरा आलेलं स्वातंत्र्य. आणि कायदा गेला तरी शिक्का गेला का? लक्ष्मण गायकवाडांच्या आत्मकथनाचं नावच ‘उचल्या’ आहे. लोकांनी जमातीला दिलेलं नाव त्यांनी पुस्तकावर छापलं. गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या पालावर जाते, हे मी सांगायला नको.

हा कायदा ‘खाण तशी माती’ यावर उभा होता. माणूस म्हणजेच त्याचा वाकडेपणा, आणि तोही आज्यापणज्यापासून चालत आलेला. यहेज्केलनं जी म्हण बंद करा म्हटलं, तीच म्हण सरकारनं कायदा म्हणून छापली.

तर मैत्रिणी, तुझं उत्तर

नाही. ज्या शब्दावरून तुझा प्रश्न सुरू झाला, तो शब्द तसं म्हणत नाही. ‘आवोन’ हे जन्मावर मारलेलं डाग नाही. ते कामाला, वाटेला, मनाला आलेलं वाकण आहे. त्याचं ओझं घरादारावर पडतं, हे खरं. म्हणून वाकडं केलेल्याला ‘चालतंय’ म्हणून सोडून द्या, असंही कुणी म्हणत नाही. काइनानं भाऊ मारलाच होता. पण ओझं पोराच्या पाठीवर दिसलं म्हणून वाकवलं त्यानंच, असं म्हणायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

तुझ्या गल्लीतल्या त्या घराबद्दल पुढच्या वेळी कुणी बोललं ना, तर एकच विचार: नेमकं कुणी, काय, कधी केलं? उत्तर आलं, तर ते काम वाकडं. त्याबद्दल बोलता येतं, पोलिसांत जाता येतं, भरपाई मागता येते. आणि उत्तर न येता ‘तसलेच आहेत ते’ एवढंच आलं, तर समजायचं, बोलणाऱ्याकडं शिक्का आहे, पुरावा नाही.

बाकी तुमच्या घरात, तुमच्या गावाकडं वाकड्या-सरळवरून आणखी कुठल्या म्हणी आहेत, त्या व्हॉइस नोटमध्ये पाठवा. आजीकडून आलेल्या असतील तर आजीच्याच आवाजात पाठवा. पुढच्या भागात ‘खेत’ घेऊ, नेम चुकण्याची गोष्ट. तोपर्यंत काळजी घ्या, आणि गाडी चालवत असाल तर हेडफोन काढा. राम राम!